बर्फावरचे वळण

कार्बाईड हा शब्द कानावर पडला म्हणजे मराठी माणसाला प्रथम आठवतो तो आंबा. पेटीच्या कोपऱ्यात कागदाच्या पुडीत लपविलेली ती करड्या रंगाची पूड, बाहेरून सोन्यासारखे पिवळे आणि आतून आंबट निघालेले फळ, आणि त्यावरून फळवाल्याच्या सात पिढ्यांचा झालेला उद्धार, हे सारे त्या एका शब्दाबरोबर येते. फळे पिकविण्यासाठी ही पूड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. परंतु शब्दाला चिकटलेला आंबटपणा कायद्याने जात नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला कार्बाईड म्हणजे जत्रेतल्या दुकानावर फसफसणारा दिवा वाटे. आणि १९८४ सालानंतर भोपाळला नोकरी केलेल्या मंडळींना तर हा शब्द सहजपणे उच्चारणेही जड जाते.

आमच्या टेबलावर मात्र हा शब्द या तिन्ही वाटा सोडून बर्फावरून घसरत आला.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत. शिक्षण म्हणाल तर मराठी विषय घेऊन बी. ए.; म्हणजे सरकारी खरेदीशी त्याचा संबंध शोधणाऱ्याला बक्षीस द्यावे असे. बदल्यांच्या ओघात श्रीनगरला आलो आणि खरेदी विभागातील एका खुर्चीवर स्थिरावलो. या कचेरीची एक चौकी गुलमर्गच्या बाजूला उंचावर आहे. २१ डिसेंबरला चिल्लई कलान, म्हणजे थंडीचे चाळीस कडक दिवस, सुरू झाले की तिकडची वाट बर्फाखाली जाते. आणि शिधा, औषधे, टपाल व माणसे यांची सारी ने-आण दोन स्नोमोबाईलींवर येऊन पडते. त्या यंत्रांसाठी 'स्की व कार्बाईड रनर' खरेदी करण्याची फाईल आमच्याकडे आली. घरी हे सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी गंभीरपणे विचारले, "म्हणजे आता सरकार आंबेही पिकवणार का?"

ज्यांनी हे वाहन पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. स्नोमोबाईलचे आसन आणि हँडल मोटारसायकलीसारखे असते. परंतु चाक एकही नसते. मागे रबराचा एक रुंद पट्टा सारखा फिरत असतो आणि तो बर्फ मागे लोटून गाडी पुढे ढकलतो. पुढे दोन स्की, म्हणजे टोकाला वर वळलेल्या दोन लांब पट्ट्या असतात. हँडल फिरविले की स्की वळतात आणि स्की वळल्या की गाडी वळते, निदान वळावी अशी अपेक्षा असते. पूर्वी या स्की पोलादी असत. आता बहुधा टणक प्लास्टिकच्या असतात. प्रत्येक स्कीच्या पोटाखाली मधोमध एक कणा असतो, आणि त्या कण्याला खालून पोलादाची एक सळई बोल्टने आवळलेली असते. तिलाच रनर म्हणतात. या सळईच्या मधल्या भागात टंगस्टन कार्बाईडचे धारदार तुकडे डाख देऊन बसविलेले असतात. सारी गाडी वळविण्याचा भार अखेर त्या बोटभर धारेवर येतो.

आमच्या गावाकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टा चढवीत, त्याला धाव म्हणत. लोहार तो पट्टा तापवून लाल करी, चाकावर बसवी आणि वरून पाणी ओती. पट्टा आकसून लाकडाला जन्माचा आवळून बसे. धाव झिजण्यासाठीच असे. ती झिजली म्हणजे चाक वाचले. नांगराच्या फाळाचेही तेच. लाकूड जमिनीत शिरत नाही, म्हणून त्याच्या टोकाशी लोखंड द्यावयाचे. रनर म्हणजे या दोहोंचा भाऊबंद होय. धावेसारखा तो स्कीला झिजण्यापासून वाचवितो आणि फाळासारखा बर्फात रेघ ओढून आपली वाट धरून ठेवतो. ही ओळख पटल्यावर परक्या यंत्राविषयीची आमची भीती निम्मी गेली.

आता कार्बाईडचे कुळ. आंब्याचे कार्बाईड कॅल्शियमचे, हे टंगस्टनचे. नावापलीकडे दोघांचे काही नाते नाही. टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाची बारीक पूड कोबाल्टच्या पुडीत मिसळून दाबावयाची आणि भट्टीत भाजावयाची, म्हणजे हा पदार्थ तयार होतो. १९२३ साली जर्मनीत कार्ल श्रोएटर याने ही युक्ती साधली. विजेच्या दिव्यातील तार ओढण्यासाठी हिऱ्याचे साचे लागत. त्याला स्वस्त पर्याय हवा होता. पुढे क्रुपच्या कारखान्याने हा माल 'विडिया' या नावाने विकला. 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या दोन जर्मन शब्दांचा तो जोड आहे. आपल्याकडचे लेथवर काम करणारे कारागीर आजही 'विडिया' म्हणतात ते यालाच. हा पदार्थ पोलादाहून कितीतरी कठीण. परंतु कठीण माणसांप्रमाणेच ठिसूळ. बर्फावर तो पुष्कळ दिवस धार टिकवितो. दगडावर आपटला तर टवका उडतो.

इतके ज्ञान पुस्तकी झाले. फाईलमध्ये मात्र एक निराळा कागद होता. आम्ही येथे येण्यापूर्वीच्या हिवाळ्यात चौकीवरील एक पहारेकरी तापाने फणफणला. त्याला स्नोमोबाईलमागच्या घसरगाडीवर बांधून खाली आणीत असता एका वळणावर गाडी वळलीच नाही; सरळ जाऊन बर्फाच्या ढिगात रुतली. चौघांनी रोग्याला खांद्यावर घेऊन उरलेली वाट उतरली. तो वाचला. चालकाने दिलेला अहवाल अवघा पाच ओळींचा होता आणि त्यातील एक ओळ अशी : "हैंडल मुड़ता है, गाड़ी नहीं मुड़ती।" यंत्रावर त्या वेळी बसविलेल्या स्की सर्वात कमी दराच्या होत्या आणि त्यांच्या सळयांना कार्बाईड नव्हते. खरेदी नियमाप्रमाणे चोख झाली होती, कारण मागणीपत्रात कार्बाईड हा शब्दच नव्हता.

हा कागद वाचताना आम्हाला या यंत्राच्या जन्मकथेची आठवण झाली. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाचे गाव आहे. तेथील जोझेफ-आर्मां बोंबार्दिए या कारागिराला लहानपणापासून बर्फावर चालणाऱ्या वाहनाचा ध्यास होता. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने जुन्या मोटारीचे इंजिन घसरगाडीवर बसवून ती चालवून दाखविली होती. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले, इस्पितळापर्यंत नेण्यास वाहन नाही, मूल दगावले. १९३७ साली बोंबार्दिएला बर्फावर पट्टा फिरविण्याच्या आपल्या रचनेचे पेटंट मिळाले आणि सात माणसे बसतील अशी त्याची गाडी विकली जाऊ लागली. एकट्या-दुकट्याने बसावयाची हलकी स्की-डू ही त्याचीच, १९५९ सालची. तिचे नाव मुळात 'स्की-डॉग' ठेवावयाचे होते, छपाईच्या चुकीने 'स्की-डू' झाले, असे सांगतात. म्हणजे तिच्या नामकरणाला आमच्याच जातीच्या कोणा कारकुनाचा हात लागलेला दिसतो. आज गुलमर्गला प्रवासी या यंत्रावर बसून छायाचित्रे काढून घेतात. परंतु ते खेळणे होण्यापूर्वी रुग्णवाहिका होते, हे विसरून चालत नाही. निदान त्याची फाईल ज्याच्याकडे आहे त्याने तरी विसरू नये.

साहेबांनी मागणीचे तांत्रिक तपशील तयार करण्यास सांगितले. तेव्हा फेब्रुवारीत शिध्याच्या फेरीबरोबर आम्ही चौकीवर गेलो. चालकाला तेथे सारे 'उस्ताद' म्हणतात. पन्नाशी ओलांडलेला, मितभाषी गृहस्थ. आम्ही वही काढलेली पाहून तो म्हणाला, "जनाब, आधी बोटाने वाचा, मग लिहा." त्याने एक जुनी सळई आणि एक नवी सळई आमच्या हातात दिली. "नख फिरवून पाहा." जुनीवरून नख गुळगुळीत घसरले, नवीने नखाचा बारीक कीस काढला. "जी नख सोलते ती बर्फ सोलते," तो म्हणाला. धारेची याहून सोपी परीक्षा आम्हाला पुढे कोणत्याही माहितीपत्रकात आढळली नाही.

त्या दोन दिवसांत आम्ही जे शिकलो ते थोडक्यात असे. बर्फ म्हणजे एकच वस्तू नव्हे. ताजा पडलेला भुसभुशीत बर्फ निराळा. रात्रभर गोठून सकाळी काचेसारखा झालेला निराळा. आणि दुपारच्या उन्हाने चिखलासारखा झालेला निराळा. भुसभुशीत बर्फात स्कीची रुंदी कामास येते. सात-आठ इंच रुंदीची स्की तरंगते, पाच-साडेपाच इंचांची बुडते. तेथे कार्बाईड जवळजवळ निरुद्योगी असते; वळविण्याचे काम स्कीची कड आणि कणा करतात. गोठलेल्या वाटेवर उलट प्रकार होतो. तेथे रुंदी व्यर्थ. खोल कणा आणि त्याखालची धार हीच काय ती बर्फाला धरते. आमची वाट वरच्या अंगाला भुसभुशीत आणि खालच्या अंगाला, जेथे गाड्यांची वर्दळ असते तेथे, काचेसारखी. म्हणजे फार रुंद नको आणि फार अरुंद नको. मध्यम रुंदीची, पण खोल कण्याची स्की हवी.

एवढे कळल्यावर आम्हाला वाटले, मग कार्बाईड जितके लांब तितके बरे. बाजारात चार, सहा, आठ, दहा इंच अशा लांबीची धार मिळते. आम्ही उस्तादाला विचारले, "दहा इंची मागवू या का?" तो हसला नाही. त्याने आम्हाला यंत्राच्या मागे नेले आणि फिरता पट्टा दाखविला. "याला खिळे आहेत का?" नव्हते. काही यंत्रांच्या पट्ट्यांना बर्फ पकडण्यासाठी खिळे ठोकलेले असतात. आमच्या पट्ट्यांना ते नाहीत. "पुढचा भाग घट्ट धरेल आणि मागचा सैल राहील, तर वळणावर काय होईल?"

उत्तर त्याने जमिनीवर काठीने काढून दाखविले. पुढची पकड कमी आणि मागची जास्त असेल तर हँडल फिरूनही गाडी सरळ जाते. तो प्रकार फाईलमध्ये होताच. पुढची पकड जास्त आणि मागची कमी असेल तर नाक वळते, पण शेपूट वळणाबाहेर फेकले जाते. आणि शेपटाला रोग्याची घसरगाडी जोडलेली असेल तर ती आधी फेकली जाते. शिवाय लांब धार हँडल जड करते, मनगटे भरून येतात. आणि इतरांच्या जुन्या चाकोऱ्यांत शिरून त्या नेतील तिकडे गाडी हिसके देत धावू लागते. सारांश, पुढे किती धरावे हे मागे किती धरले आहे यावर ठरते. खिळ्यांवाचूनच्या पट्ट्याला चार इंची धार पुरे होती.

आणखी दोन गोष्टी त्याने सांगितल्या. हँडल सरळ धरले असता दोन्ही स्की पुढच्या टोकांना किंचित, पाव इंचाच्या आत, बाहेर उघडलेल्या असाव्यात. हे माप चुकले तर उत्तम रनरही बदनाम होतो. आणि वळण येण्याआधी वेगाच्या कळीवरचा अंगठा सैल करावा. जोर दिला की गाडीचे वजन मागे जाते आणि स्की हलक्या होतात. अंगठा सैल केला की वजन पुढे येते आणि धार बर्फात रुतते. "धार विकत मिळते, जनाब, अंगठा मिळत नाही." हे वाक्य आम्ही वहीत टिपून घेतले, मात्र तांत्रिक तपशिलात घालता आले नाही.

निविदा आल्या तीन. पहिली सर्वात स्वस्त. मध्यम स्की, पण साध्या पोलादी सळईची. दुसरी सर्वात महाग. शर्यतीच्या थाटाची अरुंद स्की आणि दहा इंची धार. तिसरी दोहोंच्या मधली. मध्यम रुंदी, खोल कणा, चार इंची धार. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी तुलनात्मक तक्ते तयार केले आहेत त्यांना पुढचा पेच सांगावयास नको. स्वस्त का घेतले हे कोणी विचारीत नाही. महाग का घेतले याला 'उत्तम म्हणून' असे उत्तर देता येते. परंतु मधले का घेतले हे सांगावयाचे म्हणजे खरोखरच काही कळावे लागते.

फाईलवर साहेबांचा शेरा आला : "चर्चा करावी." आम्ही गेलो. साहेब म्हणाले, "तुम्ही स्वस्ताला नाही म्हणता, ते समजले. पण दहा इंची चारहून चांगली नाही कशी? लेखापरीक्षणात विचारतील." आम्ही टिपणीचा दुसरा परिच्छेद दाखविला. त्याचा मतलब असा होता : सदर यंत्रांच्या पट्ट्यांस खिळे नाहीत, यंत्रांमागे रोगी वाहणारी घसरगाडी जोडली जाते, पुढील पकड मागील पकडीहून अधिक झाल्यास वळणावर मागचा भाग घसरण्याचा संभव आहे, सबब चार इंची धार ही काटकसर नसून आवश्यकता आहे. आणि साधी सळई तांत्रिक तपशिलात बसत नसल्याने पहिल्या निविदेचा दर विचारात घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्याखाली तो पाच ओळींचा अहवाल जोडला होता. साहेबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला आणि सही केली. आमच्या नोकरीत आम्ही शेकडो टिपण्या लिहिल्या. 'सबब' हा शब्द इतक्या खात्रीने मात्र एकदाही लिहिला नव्हता.

मराठीत वळण या शब्दाला दोन अर्थ आहेत. रस्त्याचे वळण आणि मुलाला लावावयाचे वळण. ही फाईल हातात असताना हे दोन्ही अर्थ आमच्या डोक्यात एकमेकांत मिसळू लागले. मुलूख सोडून राहणारी आम्ही मंडळी तशी निसरड्या वाटेवरचीच. काहीजण इतके तरंगतात की दहा वर्षांत आपली भाषा घरातल्या कुत्र्याशीदेखील बोलत नाहीत. काहीजण इतके रुतून धरतात की प्रत्येक गावी पहिल्या दिवसापासून तिथल्या तांदळाला, पाण्याला आणि माणसांना नावे ठेवीत आपल्याच जुन्या चाकोरीत हिसके खात राहतात. आमची मुलगी येथील शाळेत जाते. हिंदी, उर्दू आणि मैत्रिणींची काश्मिरी अशी तिची जीभ तीन वाटांनी धावते. तिला रोज मराठी शुद्धलेखन घालावे, असा आमचा पूर्वी बेत होता. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की मुलीला मराठीचा कंटाळा आणावयाचा असेल तर याहून चांगला उपाय नाही. आता आमच्या घरी एक नियम आहे. दर रविवारी आजीला एक पान मराठीत लिहावयाचे. एकच पान, पण चुकवावयाचे नाही. पहिल्या पत्रात 'बर्फ' हा शब्द तिने 'बरफ' असा लिहिला होता. आजीने उलट टपाली विचारले, की बाळे, तुमच्याकडे थंडीने रफारही गळून पडला काय? त्यानंतर तो जागच्या जागी आहे.

नवीन स्की नोव्हेंबरात बसल्या. जानेवारीत, चिल्लई कलान ऐन भरात असताना, चौकीवरील एका माणसाच्या छातीत रात्री कळा येऊ लागल्या. पहाटे, म्हणजे वाट सर्वात निसरडी असते त्या वेळी, उस्ताद त्याला घेऊन निघाला आणि डॉक्टरांच्या हाती देऊन परतला. गाडीची नोंदवही महिनाअखेर आमच्याकडे तपासणीस येते. त्या दिवसाच्या ओळीत निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ आणि तेलाचा हिशेब होता. शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक' एवढाच एक शब्द होता. आम्ही तेथे तपासल्याची खूण केली.

फाईल मात्र अजून बंद केलेली नाही. मूळ जाडीच्या निम्म्यापर्यंत झिजलेला रनर बदलावा, असा निर्मात्यांचा सल्ला असतो. आणि आमच्या वाटेवर मार्चअखेर बर्फ विरळ होऊन दगड वर येतात. तेव्हा दर ऑक्टोबरात उस्तादाने नख फिरवून पाहावे आणि आम्ही मागणीपत्र तयार ठेवावे, असे ठरले आहे.